झिप उघडली, मेमरी सांडली!

फाइल दाबून बारीक केली की आत एक आकडा लिहिलेला असतो: उघडल्यावर किती जागा लागेल? हा आकडा खोटा निघाला आणि सॉफ्टवेअरनं पडताळला नाही, तर पावशेराच्या भांड्यात शेरभर दूध ओतल्याची गत! सांडलेला डेटा शेजारच्या मेमरीवर पडतो; बेतून सांडला असेल, तर कॉम्प्युटर परक्याच्या ताब्यात. हाच ‘बफर ओव्हरफ्लो’. त्याचे आणि एकूणच दाबलेल्या फाइलींचे काही किस्से:

अशा चुकांच्या यादीत पुणेकरही. रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर हे भाऊ. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून त्यांनी पुण्यात ‘क्विक हील’ उभी केली. २०१७ मध्ये तिच्या अँटिव्हायरसच्या १०.१.०.३१६ आवृत्तीत सुरक्षेचं एक भोक नोंदलं गेलं; त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०१७-८७७३. विंडोजच्या ‘विम’ या दाबलेल्या फाइलीतला आकाराचा आकडा नीट तपासला जात नव्हता.

अँटिव्हायरसच का? व्हायरस झिपमध्ये दडतो, म्हणून अँटिव्हायरसला झिप, रार, विम सगळंच उघडून पाहावं लागतं, तेही कॉम्प्युटरचे जवळपास सगळे अधिकार हाती घेऊन. तुम्ही फाइलला हातही लावला नाहीत, तरी ती आल्या आल्या तो उघडतो.

मायक्रोसॉफ्टचीही फजिती. तिच्या ‘डिफेंडर’ या अँटिव्हायरसमध्ये रार उघडणारा जुना, मोफत मिळणारा कोड घेतला होता. त्यातले उणे होऊ शकणारे आकडे कुणीतरी ‘फक्त अधिक’ करून टाकले. तुलना चुकू लागल्या आणि मेमरी बिघडली. २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकानं हे पकडलं.

बेचाळीसची करामत. ‘४२.झिप’ ही फाइल फक्त ४२ किलोबाइटची. आतल्या झिपा उघडत गेलं, तर सुमारे ४.५ पेटाबाइट! इथं ओव्हरफ्लो नाही, पण तपासणाऱ्याचा दम निघतो.

प्रत्येक झिपवर सही. झिप फाइलींची सुरुवात सहसा ‘पीके’ या दोन अक्षरांनी होते. ती झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. वर्डच्या ‘डॉकएक्स’ फाइलीही आतून झिपच, त्यामुळे तिथंही पीके हजर!

चाळीस दिवसांचे पाहुणे. रार फाइली उघडणाऱ्या ‘विनरार’ची मोफत चाचणी ४० दिवसांची, पण मुक्काम वर्षानुवर्षं. ऑगस्ट २०२३ मध्ये ६.२३ आवृत्तीनं मेमरी सांडण्याचं असंच एक भोक बुजवलं. गंमत अशी की विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. ‘हेल्प’मध्ये जाऊन आवृत्ती बघा, सगळ्यात ताजी नसेल, तर पाहुण्याला आजच बदला.