टॉमसन, डॉनल्ड जेम्स

टॉमसन, डॉनल्ड जेम्स : (२० जानेवारी १९३३ – ४ ऑक्टोबर २००६). चालण्याच्या शर्यतीतील विख्यात ब्रिटिश हौशी खेळाडू व रोम ऑलिंपिकमधील (१९६०) ५० किमी. शर्यतीचा विजेता. जन्म इंग्लंडमधील हिलिंग्डन येथे. तो प्रारंभी धावपटू होता. परंतु टाचेच्या स्नायुबंधास दुखापत झाल्यामुळे चालण्याच्या शर्यतीकडे वळला. विमा कंपनीतील कारकुनाची नोकरी सांभाळून तो सराव करीत असे.

चालण्याच्या शर्यतीत स्पर्धकाचा एक तरी पाय सतत जमिनीस टेकलेला असावा लागतो. हा नियम मोडणारा स्पर्धक पंचांकडून बाद ठरविला जातो. त्यामुळे वेगाइतकेच महत्त्व पदन्यासावरील नियंत्रणास व चिवटपणास असते. टॉमसनची उंची सु. १·६६ मी. व अंगकाठी किरकोळ होती. चिवटपणा हेच त्याचे बळ होते. लंडन–ब्रायटन ही सु. ८५ किमी.ची शर्यत त्याने १९५५ ते १९६२ या काळात सलग आठ वेळा व १९६७ मध्ये नवव्यांदा जिंकली.

मेलबर्न ऑलिंपिकमध्ये (१९५६) मात्र उष्णता सहन न होऊन शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात तो कोसळला. रोममध्येही कडक उन्हास तोंड द्यावे लागणार, हे ओळखून त्याने घरच्या न्हाणीघरातच तयारी आरंभिली. तापक लावून व किटल्यांतील पाण्याची वाफ कोंडून तो तेथील तपमान सु. ३८° से.पर्यंत नेई आणि अंगात जाड पोशाख चढवून व्यायाम करी. या व्यायामात त्यास घेरी येई. ती केवळ उष्णतेमुळे नसून रॉकेलच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूमुळे येत असावी, हे त्याच्या ध्यानात पुढे अनेक वर्षांनी आले. हौशी खेळाडूच्या या घरगुती प्रयोगात कल्पकतेबरोबरच धोकाही होता.

रोम येथील शर्यतीत (७ सप्टेंबर १९६०) काळा चष्मा व मानेवर कापडी झालर असलेली टोपी घालून तो उतरला. १९४८ च्या ऑलिंपिकमधील विजेता स्वीडनचा जॉन युंगग्रेन याने त्यास अखेरपर्यंत झुंज दिली. टॉमसनने ४ तास २५ मि. ३० से. या ऑलिंपिक विक्रमी वेळात शर्यत जिंकली. युंगग्रेन केवळ १७ सेकंदांनी मागे राहिला. रोममध्ये मैदानी खेळांत ब्रिटनला मिळालेले हे एकमेव सुवर्णपदक होय. इटालियन प्रेक्षकांनी त्याला कौतुकाने ‘इल टोपोलिनो’ (छोटा उंदीर) हे नाव दिले.

पुढे १९६२ च्या यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले आणि टोकिओ ऑलिंपिकमध्ये (१९६४) तो दहावा आला. १९७० मध्ये त्यास एम्. बी. ई. हा किताब देण्यात आला. १९९१ मध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी त्याने २०० किमी.च्या शर्यतीत पुन्हा ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले. ज्या ५० किमी. शर्यतीने त्यास कीर्ती लाभली, ती ऑलिंपिकमध्ये अखेरची २०२१ साली झाली.