डेटाबेस रॅपर म्हणजे काय? तुमच्या कराच्या बिलाशी त्याचा काय संबंध?

डोंबिवलीत घरी बसून कुणीतरी मालमत्ता क्रमांक टाकतं आणि थकबाकी स्क्रीनवर येते. हे नेमकं होतं कसं?

कल्याण-डोंबिवली महापालिका ई-गव्हर्नन्समध्ये राज्यात सगळ्यात आधी उतरलेल्या पालिकांपैकी एक. तिचं मॉडेल पुढे राज्यातल्या इतर पालिकांसाठीही घेतलं गेलं. त्यातला एक महत्त्वाचा भाग म्हणजे नागरी सुविधा केंद्र. अर्ज खिडकीवर द्यायचा, प्रत्येक विभागात खेटे घालायचे नाहीत.

कोडमध्ये हेच काम ‘रॅपर लायब्ररी’ करते.

रॅपर नसेल तर?

माहिती डेटाबेसच्या तक्त्यांमध्ये असते आणि ती ‘एसक्यूएल’ भाषेत मागावी लागते. प्रोग्रामरला दर वेळी कनेक्शन उघडा, प्रश्न पाठवा, एकेक रकाना वाचा, कनेक्शन बंद करा, हे सगळं लिहावं लागतं. रॅपर हे दोन-तीन ओळींत आणतो. स्टॅक ओव्हरफ्लोच्या प्रोग्रामरनी २०११ मध्ये खुला केलेला ‘डॅपर’ हे त्याचं गाजलेलं उदाहरण.

‘डायनॅमिक’ म्हणजे?

एरवी कोणते रकाने येणार, हे कोडमध्ये आधी सांगावं लागतं. डायनॅमिक पद्धतीत उत्तर आल्यावर रकान्यांची नावं आपोआप वापरता येतात. सी-शार्प भाषेत ही सोय २०१० मध्ये आली.

मग धोका कुठे आहे?

पहिला धोका सुरक्षेचा. नागरिकाने टाकलेला मजकूर थेट एसक्यूएलच्या वाक्यात जोडला, तर कुणी क्रमांकाच्या जागी आदेशच लिहून सगळ्यांची माहिती काढू शकतो. यालाच ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. उपाय म्हणजे मजकूर ‘पॅरामीटर’ म्हणून वेगळा पाठवणं. रॅपरमुळे ते सोपं होतं, पण करायचं प्रोग्रामरनेच.

दुसरा धोका गुपचूप येतो. समजा, एखाद्या यंत्रणेत ‘थकबाकी’ रकान्याचं नाव बदललं आणि कोडमध्ये जुनंच राहिलं. डायनॅमिक पद्धतीत ही चूक आधी पकडली जात नाही. काही लायब्रऱ्या एरर देतात, काही नुसतं रिकामं उत्तर देतात. त्या रिकाम्या उत्तराचा स्क्रीनवर शून्य झाला, तर नागरिक निर्धास्त राहतो. पुढचं बिल येतं ते शास्तीसकट.

म्हणून चटकन पाहायच्या अहवालाला डायनॅमिक पद्धत ठीक आहे. पैशांचा हिशेब असेल, तिथे रकाने आधी जाहीर करावेत आणि चाचणी घ्यावी. खिडकी एकच असली, तरी आतलं दप्तर नीट हवंच.