टर्बो आणि सुपरचार्जर: फरक काय, आणि आपल्या ट्रॅक्टरला त्याचं काय?



आवणी तोंडावर आली आहे. चिखलणीला कुणी भाड्याचा ट्रॅक्टर सांगून ठेवलाय, कुणी नवीन घ्यायच्या विचारात आहे. त्यामुळे सध्या एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "टर्बोवाला घ्यावा का? आणि टर्बो म्हणजेच सुपरचार्जर ना?"

नाही. दोघांचं काम एकच आहे, इंजिनात जास्त हवा कोंबणं. पण त्यासाठी लागणारी ताकद दोघं वेगवेगळ्या जागेवरून घेतात. हा फरक कळला की गाडी कशी चालवायची आणि कशी जपायची, हे आपोआप कळतं.

*आधी हवेचं गणित*
एक लिटर डिझेल नीट जळायला साधारण १२ किलो हवा लागते. म्हणजे जवळपास १०,००० लिटर हवा! साधं इंजिन ही हवा स्वतःच्या ओढीने आत घेतं. जेवढी ओढेल तेवढीच. डिझेल वाढवलं आणि हवा तेवढीच राहिली तर ताकद वाढत नाही, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. त्यात आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. इथली हवा खालच्यापेक्षा साधारण ७ टक्के विरळ. म्हणून हवा दाबून आत ढकलणारं यंत्र लागतं.

*सुपरचार्जर*
हा पट्ट्यावर किंवा गिअरवर चालतो, थेट इंजिनच्या क्रँकशाफ्टवरून. पिठाची गिरणी मोटरच्या पट्ट्यावर फिरते तसाच. इंजिन फिरलं की हा फिरला, त्यामुळे ॲक्सिलेटर दाबताच हवा मिळते, वाट पाहावी लागत नाही. तोटा असा की इंजिनने कमावलेल्या ताकदीतला हिस्सा आधी यालाच द्यावा लागतो. डिझेलचा हिशेब बघणाऱ्याला ते परवडत नाही. याचा एक जुना प्रकार अमेरिकेतल्या रूट्स भावांच्या १८६० च्या सुमारासच्या ब्लोअरवरून आला. तो ब्लोअर मुळात इंजिनसाठी नव्हताच, भट्टीला वारा घालायला वापरत.

*टर्बोचार्जर*
आपलं धरण डोळ्यासमोर आणा. आवर्तनाचं पाणी प्रवरेत सोडायचंच असतं. ते जाता जाता वीजगृहातलं चक्र फिरवतं आणि वीज मिळते. टर्बो अगदी तसाच. जळून झालेला गरम धूर सायलेन्सरकडे जाणारच असतो. वाटेत तो एक पंख्याचं चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. अगदीच फुकट नाही, धुराला थोडा अडथळा होतो. पण जी उष्णता वाया जाणार होती तीच कामाला लागते. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं.

याची खोड एकच: धूर जोरात आल्याशिवाय टर्बो जोर धरत नाही. घोटीहून खत भरून बारीचा घाट चढताना पिकअप वरच्या गिअरमध्ये रेंगाळते, ॲक्सिलेटर दाबला तरी क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम ओढ येते. तो क्षण म्हणजे टर्बोला वेग घ्यायला लागणारा वेळ. वळणाच्या आधीच गिअर खाली टाका, इंजिनचे फेरे टिकवा. गाडी गुदमरू द्यायची आणि मग पाय दाबायचा, यात डिझेलही जातं आणि क्लचही.

चिखलणीत मात्र ही खोड जाणवत नाही. रोटाव्हेटर लावला की इंजिन तासन् तास एकाच वेगाने, एकसारख्या भारावर चालतं. टर्बोला हेच मानवतं.

(एक गंमत: रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिनात दोन्ही युक्त्या एकत्र आहेत. कमी भारावर टर्बो गिअरवर फिरतो, म्हणजे सुपरचार्जरसारखा. धूर पुरेसा झाला की गिअर सुटतो आणि तो धुरावर चालतो.)

*मग घ्यावा का?*
आपल्याकडच्या ट्रॅक्टरात सुपरचार्जर मिळत नाही. कुणी तो शब्द वापरून विकत असेल तर बॉनेट उघडून दाखवायला सांगा. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, त्यामुळे त्या गटात टर्बो आता सर्रास दिसतो. पण आपली खाचरं लहान आणि उतारावरची. माझं स्पष्ट मत: फक्त स्वतःच्या एक-दोन एकर भातासाठी टर्बोच्या मागे लागू नका. साधा छोटा ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर पुरेसा आहे. भाड्याची कामं भरपूर असतील, ट्रॉली ओढायची असेल, तर टर्बोचा विचार करा.

जुन्या इंजिनला बाहेरून टर्बो बसवून घेऊ नका. त्याचे पिस्टन, हेड गॅस्केट, पाण्याची थंडाई जादा दाबासाठी बनवलेली नसते. पंपाचं डिझेल वाढवून 'ताकद' काढणंही तसंच, काळा धूर तेवढा वाढतो.

*टर्बो असेल तर हे पाळा*
टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. भारावर असताना धुराची बाजू कित्येकशे अंश तापलेली असते. रोटाव्हेटर उचलला आणि लगेच चावी बंद केली, तर ऑइल थांबतं, दांडा मात्र गरम आणि फिरताच असतो. आतलं ऑइल जळून कोळसा धरतं. असं रोज झालं की भर हंगामात टर्बो जातो. म्हणून बंद करण्याआधी २-३ मिनिटं इंजिन मंद चालू ठेवा. सुरू केल्यावरही मिनिटभर थांबा, लगेच रेस करू नका. भाड्याच्या ड्रायव्हरला हे आवर्जून सांगा, घाई त्यालाच जास्त असते.

ऑइल आणि फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं व तासांप्रमाणेच बदला. मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर रोज बघा. फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी पाइपची क्लिप ढिली असेल तर तूस आणि धूळ थेट चाकावर जाते आणि पाती झिजतात.

ट्रॅक्टर ट्रकवर चढवून न्यायचा असेल तर सायलेन्सरचं तोंड झाकून बांधा. वाऱ्याने टर्बो ऑइलशिवाय फिरत राहतो. नेल्यावर, सुरू करण्याआधी, ते काढायला विसरू नका.

निळा धूर, ऑइल कमी होणं, शिट्टीचा आवाज बदलणं किंवा खरखर, यातलं काही दिसलं तर काम थांबवा आणि मेकॅनिकला दाखवा. पंख्याचा तुकडा इंजिनात गेला तर खर्च टर्बोवर थांबत नाही.

आपल्या ट्रॅक्टरला टर्बो आहे की नाही हे कळत नसेल तर बॉनेट उघडून सायलेन्सरच्या बाजूचा फोटो आणि तास मीटरचा आकडा याच नंबरवर पाठवा. बघून सांगतो.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, भंडारदरा