बी.एस्सी.नंतर इंजिनिअरिंग : थेट दुसऱ्या वर्षाचं दार

बी.एस्सी. झालंय, आता इंजिनिअरिंगला जाता येईल का, की ती तीन वर्षं पाण्यात गेली? हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. आज त्याच्याबद्दलच बोलू.

महाराष्ट्रात डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच दारातून बी.एस्सी.वालाही आत जाऊ शकतो. सीईटी नाही, पदवीच्या गुणांवर यादी लागते. किमान ४५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ४०. पण घोडं अडतं ते बारावीच्या गणितावर. ते सोडून नुसतं जीवशास्त्र घेतलं असेल, तर पदवीला ९० टक्के मिळवूनही उपयोग नाही. १६व्या वर्षी भरलेला फॉर्म २१व्या वर्षी आडवा येतो. आम्हाला तरी हे जाचकच वाटतं. शिवाय जागा आधी डिप्लोमावाल्यांना, उरतील त्या तुमच्या. तेव्हा नावाजलेल्या कॉलेजात कम्प्युटरच मिळेल, या भरवशावर बसू नका.

आत गेल्यावर पहिल्या वर्षाचे दोन विषय मागे लागतात: इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स. दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाबरोबरच ते काढायचे. आता म्हणाल, न्यूटनचे नियम तर आम्ही कोळून प्यायलोय! बरोबर. पण इथे नियम विचारत नाहीत. ६ मीटरची तुळई दोन टोकांना टेकवलीय, डाव्या टोकापासून २ मीटरवर ९०० न्यूटनचा भार आहे. कुठल्या टेकूवर किती? डाव्यावर ६००, उजव्यावर ३००. हिशेब सोपा आहे, पण खऱ्या वस्तूचं असं रेखाचित्र करून भार कुठून कुठे जातो ते बघायची सवय बी.एस्सी.त लागत नाही. ड्रॉइंगचं तर विचारूच नका. समोरून, वरून, बाजूने दिसणारी तीन चित्रं बघून वस्तू डोक्यात उभी करायची. ते वाचून येत नाही, हाताने काढूनच येतं. प्रवेशाआधीच्या सुट्टीत ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसा.

दुसरा रस्ता एम.एस्सी., गेट आणि मग एम.टेक.चा. फक्त गेट पास होणं म्हणजे पात्र होणं नव्हे. प्रत्येक संस्थेची, प्रत्येक शाखेची अट वेगळी असते. गेटवरून भरती करणाऱ्या सरकारी कंपन्या इंजिनिअरच्या जागांना बहुधा बी.ई. किंवा बी.टेक.च मागतात. म्हणजे एम.टेक. होऊनही तिथे अडायची शक्यता राहते.

आणि शेजारचे काका ‘एएमआयई कर’ म्हणाले, तर त्यांना वर्ष विचारा. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवलेल्यांना पदवीची समकक्षता मिळत नाही.

फॉर्म भरण्याआधी सीईटी कक्षाची त्या वर्षाची माहितीपुस्तिका उघडा, आणि त्यातलं पात्रतेचं पान आधी वाचा.