बसू आणि बोस : एका बंगाली आडनावाचा प्रवास

कोलकात्याच्या उत्तर भागात, हुगळी नदीच्या काठी, बागबाजार ही जुनी वस्ती आहे. मराठी वाचकाचा या वस्तीशी एक विलक्षण संबंध आहे. इ. स. १७४२ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा भयभीत नगरवासीयांनी शहराभोवती खंदक खणण्यास प्रारंभ केला, तो बागबाजाराच्या बाजूने. सात मैलांचा खंदक योजिला होता. सुमारे तीन मैल खणून झाल्यावर काम थांबले, कारण मराठे कोलकात्यावर चालून आलेच नाहीत. पुढे १७९९ मध्ये खंदक बुजवून त्याच्या जागी सर्क्युलर रोड बांधण्यात आला. तथापि ‘मराठा डिच लेन’ या नावाची गल्ली बागबाजारात अद्याप आहे. त्या मोहिमेचे सूत्रधार भास्करराम कोल्हटकर हे होते. बंगाली काव्यांत आणि लोककथांत मात्र ते केवळ ‘भास्कर पंडित’ म्हणून उरले आहेत. कोल्हटकर हे आडनाव वाटेत कोठेतरी गळून पडले.

आडनावांचे असे होते. काही गळतात, काही बदलतात, तर काही आपल्या मूळ अर्थापासून इतकी दूर जातात की ती धारण करणाऱ्यांनाही त्या अर्थाची आठवण राहत नाही. इटलीत रोस्सी हे आडनाव आज सर्वांत अधिक आढळते. एखाद्या पूर्वजाच्या तांबूस केसांवरून पडलेले ते टोपणनाव होते. १५६३ मध्ये समाप्त झालेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा दंडक घातल्यानंतर अशी टोपणनावे पिढ्यान्‌पिढ्या स्थिर झाली. बंगालमध्ये अशा नोंदवह्या नव्हत्या. तेथे ते काम कुळांच्या वंशावळींनी केले, आणि वंशावळ ही नोंदवहीइतकी निर्विकार वस्तू नसते. बागबाजारात ज्या आडनावाचा ठसा पदोपदी दिसतो, त्या ‘बसू’ या आडनावाची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

बागबाजारातील बसूंचा प्रचंड वाडा ‘बसू बाटी’ या नावाने प्रसिद्ध आहे. नंदलाल बसू आणि पशुपती बसू यांनी १८७० नंतरच्या दशकात तो उभारला. देवादिकांची चित्रे पाहण्यासाठी श्रीरामकृष्ण परमहंस २८ जुलै १८८५ रोजी नंदलाल बसूंच्या येथे आले होते. बंगालची फाळणी अमलात आली त्या दिवशी, म्हणजे १६ ऑक्टोबर १९०५ रोजी, राखीबंधनाचा कार्यक्रम झाल्यावर मोठा जमाव पशुपती बसूंच्या याच वाड्यात एकत्र आला आणि तेथे राष्ट्रीय निधी गोळा करण्यात आला. जवळच बलराम बसू यांचे घर आहे. स्वामी विवेकानंदांनी १ मे १८९७ रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना केली ती याच घरात. हे घर ज्या मार्गावर होते त्याचे नाव रामकांत बोस स्ट्रीट. एकाच मोहल्ल्यात कोणी ‘बसू’, तर कोणी ‘बोस’! नवख्या माणसाला ही दोन घराणी वाटावीत यात नवल नाही.

वस्तुतः आडनाव एकच आहे. संस्कृत ‘वसु’ हे त्याचे मूळ. धन, उत्तम, तेजस्वी असे या शब्दाचे अर्थ आहेत. अष्टवसू तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. भीष्म हा त्यांपैकीच एकाचा अवतार मानला जातो. बंगाली उच्चारात ‘व’ आणि ‘ब’ यांत भेद उरला नाही, ‘स’चा ‘श’ झाला, आणि पुढच्या ‘उ’काराच्या ओढीने पहिला ‘अ’ ‘ओ’कडे वळला. त्यामुळे ‘वसु’ लिहिले तरी तोंडून ‘बोशु’ असे बाहेर पडू लागले. बोलीत शेवटचा ‘उ’ लोपला, आणि जाताना आपली खूण पहिल्या अक्षरातील ‘ओ’मध्ये ठेवून गेला. हा झाला ‘बोश’. इंग्रजी लिपीत तो जसा लिहिला गेला तसा मराठीत आणि हिंदीत ‘बोस’ म्हणून आला. आपण ‘सुभाषचंद्र बोस’ म्हणतो; बंगाली ग्रंथांच्या मुखपृष्ठावर मात्र ‘सुभाषचंद्र बसु’ असेच छापलेले असते. मुखोपाध्यायांचे मुखर्जी आणि बंद्योपाध्यायांचे बॅनर्जी झाले त्याच तऱ्हेची ही जोडी आहे : एक रूप ग्रंथातले, दुसरे व्यवहारातले. मराठी चित्रपटरसिकांनी येथे एक सावधगिरी बाळगावी. बासू चटर्जी यांच्या नावातील ‘बासू’ हे आडनाव नव्हे. त्यात पहिला स्वर दीर्घ आहे आणि शब्दही निराळा आहे.

आता हे आडनाव कोठून आले, या प्रश्नाकडे वळू. बंगालच्या कुलपंजिकांत, म्हणजे कुळांच्या पोथ्यांत, याचे तयार उत्तर आहे. आदिशूर नावाच्या राजाला यज्ञ करावयाचा होता. गौडदेशात योग्य ब्राह्मण मिळेनात. म्हणून त्याने कनौजहून पाच ब्राह्मण आणविले. त्यांच्याबरोबर पाच कायस्थ आले. मकरंद घोष, दशरथ बसू, कालिदास मित्र, पुरुषोत्तम दत्त आणि गुह कुळाचा मूळपुरुष, असे ते पाच जण. राजाने त्यांची ओळख विचारली असता घोष, बसू आणि मित्र यांनी आपण ब्राह्मणांचे सेवक असल्याचे नम्रपणे सांगितले. दत्तांनी मात्र आपण कोणाचेही सेवक नसून केवळ सोबतीला आलो आहोत, असे बाणेदारपणे उत्तर दिले. पुढे बाराव्या शतकात बल्लाळसेन राजाने कुलीनत्वाची प्रतवारी लावली, तेव्हा दक्षिण राढातील कायस्थांपैकी घोष, बसू व मित्र ही घराणी कुलीन ठरली, आणि दत्तांना त्यांचा अभिमान भोवला.

कथा मोठी चटकदार आहे, परंतु तिचे परिणाम चटकदार नव्हते. कोणाची मुलगी कोणाच्या घरात द्यावी, वराला किती द्रव्य द्यावे, पंगतीत कोणी कोठे बसावे, हे सारे या कथेच्या आधारे शतकानुशतके ठरत गेले. कुलीन ब्राह्मणांतील बहुविवाहाविरुद्ध ईश्वरचंद्र विद्यासागरांना १८७१ मध्ये ग्रंथ लिहावा लागला, तो याच व्यवस्थेच्या दुष्परिणामांमुळे. कायस्थांतही कुलीन वर मिळविण्याच्या पायी अनेक बापांची घरेदारे गहाण पडली. ज्या कथेवर इतका भार टाकला गेला ती खरी की खोटी, हा प्रश्न म्हणूनच केवळ पंडितांचा राहिला नाही.

या वादातील एक प्रमुख व्यक्ती बागबाजारची आणि आडनावाने बसूच होती, हा एक योग. नगेंद्रनाथ बसू (१८६६–१९३८) यांनी बंगाली ‘विश्वकोश’ १९११ मध्ये बावीस खंडांत पूर्ण केला. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड मराठीत त्यानंतर दशकभराने निघू लागले, हे लक्षात घेतले म्हणजे या उद्योगाची कल्पना येते. ज्या गल्लीत ते राहत होते तिला ‘विश्वकोश लेन’ असे नाव देण्यात आले. याच नगेंद्रनाथांनी गावोगाव हिंडून कुलपंजिकांची हस्तलिखिते जमविली आणि त्यांच्या आधारे ‘वंगेर जातीय इतिहास’ हा बहुखंडी ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या मते या पोथ्या म्हणजे बंगालचा लुप्त इतिहासच होता. रमाप्रसाद चंद, राखालदास बंद्योपाध्याय, रमेशचंद्र मजुमदार प्रभृती इतिहासकारांना हे मान्य झाले नाही. त्यांचे आक्षेप साधे परंतु मर्मभेदी होते. आदिशूराचा काळ निरनिराळ्या पोथ्यांत आठव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत हेलकावे खातो. पोथ्या स्वतः फार अर्वाचीन आहेत. आणि ज्या सेन राजांनी कुलीनत्व स्थापिले म्हणतात, त्यांच्या ताम्रपटांत त्याचा उल्लेखही नाही. बल्लाळसेनाने स्वतःचे ‘दानसागर’सारखे ग्रंथ मागे ठेवले आहेत, तेही या बाबतीत मौन पाळतात. नगेंद्रनाथांचे परिश्रम थोर होते, परंतु येथे पारडे त्यांच्या टीकाकारांकडेच झुकते, असे म्हणणे भाग आहे.

मग पुरावा कोठे शोधावा? तो जमिनीतून निघाला. दिनाजपूर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, दामोदरपूर येथे १९१५ मध्ये गुप्तकालीन ताम्रपट सापडले. पाचव्या-सहाव्या शतकांतील जमीनविक्रीचे हे कागदच म्हणावयाचे. त्यांत पुंड्रवर्धन भुक्तीचा अधिकारी चिरातदत्त आहे. नगरश्रेष्ठी धृतिपाल, सार्थवाह बंधुमित्र, प्रथम कुलिक धृतिमित्र आणि प्रथम कायस्थ शांबपाल हे स्थानिक मंडळात आहेत. पुढच्या पटांत ब्रह्मदत्त आणि जयदत्त हे अधिकारी येतात. येथे दत्त, मित्र, पाल ही आडनावे नाहीत. ती नावांची शेपटे आहेत. ‘कायस्थ’ ही जात नाही. ते लेखनिकाचे पद आहे. दुसरा पुरावा सिल्हेट भागातील निधनपूरचा. सातव्या शतकातील कामरूपाचा राजा भास्करवर्मा याच्या या ताम्रपटात दोनशेहून अधिक ब्राह्मणांची नावे आहेत, आणि त्यांत दत्त, मित्र, घोष, पालित, नाग, वसु असे नामान्त भेटतात. म्हणजे आज जी कायस्थांची म्हणून ओळखली जातात, ती नामान्ते त्या काळी ब्राह्मणही वापरीत.

यावरून एक क्रम दिसतो. प्रथम ‘वसु’ हा केवळ नावाचा उत्तरार्ध होता. बापाच्या नावाचा शेवट मुलाच्या नावाला लावण्याची चाल पडली. असे काही पिढ्या झाल्यावर तो उत्तरार्ध नावापासून सुटा झाला आणि घराण्याला चिकटला. लेखनिकांचा व्यवसाय जेव्हा बंदिस्त होऊन जात बनला, तेव्हा ही सुटी झालेली शेपटे त्या जातीची आडनावे ठरली. कनौजहून कोणी यावे लागले नाही. नावे बंगालमध्येच होती.

या संशोधनात एका महाराष्ट्रीयाचा वाटा आहे. रा. गो. भांडारकरांचे पुत्र देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे १९१७ ते १९३६ पर्यंत कलकत्ता विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक होते. गुजरातच्या नागर ब्राह्मणांतही दत्त, मित्र, घोष, नाग, दास अशी नामान्ते परंपरेने चालत आल्याचे त्यांनी दाखविले, आणि नागर ब्राह्मण व बंगाली कायस्थ यांचे मूळ एकच असावे, असे अनुमान १९३२ मध्ये मांडले. अनुमान धाडसी होते. नामान्ते समान असली तर चाल समान होती एवढे सिद्ध होते. रक्त समान होते असे नव्हे. तथापि पोथ्यांकडून ताम्रपटांकडे लक्ष वळविण्याचे मोठे काम या चर्चेने केले.

अशा साम्यांनी फसगत होते, याचा एक नमुना बागबाजारापासून जवळच पाहावयास मिळतो. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाला डॉ. राधागोविंद कर (१८५२–१९१८) यांचे नाव आहे. मराठी माणसाला हे ‘कर’ पाहून एखाद्या गावाचे नाव गळून पडले की काय असे वाटेल. परंतु बंगाली ‘कर’ हे वसु-दत्तांसारखेच जुने नामान्त आहे. याउलट, ‘देशेर कथा’ हा बंगाली ग्रंथ १९०४ मध्ये लिहून प्रसिद्धी पावलेले सखाराम गणेश देउस्कर यांच्या आडनावातील ‘कर’ अस्सल मराठी. देवघरजवळ जन्मूनही त्यांनी कोकणातील देऊस हे पूर्वजांचे गाव आडनावात जपले होते. आणि मजुमदार व मुजुमदार हे तर दोन्ही प्रांतांत फारसी दप्तरातून आलेले. तेथे नाते केवळ हुद्द्याचे आहे.

वंशावळी सर्वस्वी टाकाऊ आहेत असे मात्र नव्हे. अलीकडच्या काळासाठी त्या उपयोगी पडतात. सुभाषचंद्रांनी आत्मचरित्रात आपल्या घराण्याचा इतिहास सुमारे सत्तावीस पिढ्यांचा सांगितला आहे. एका पिढीस पंचवीस ते तीस वर्षे धरली, तर त्यांच्या जन्मापासून, म्हणजे १८९७ पासून, मागे जाता आपण अकराव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्या शतकाच्या प्रारंभापर्यंतच्या काळात पोहोचतो. हा सेन राजांचा काळ आहे. आठव्या शतकातील आदिशूर तेथून फार दूर राहतो. हे घराणे कोलकात्याच्या दक्षिणेकडील माहीनगरचे. त्यातील गोपीनाथ बसू हे सुलतान हुसेनशहाचे (१४९३–१५१९) मंत्री होते आणि त्यांना ‘पुरंदर खान’ हा किताब होता. आदिगंगेचा प्रवाह आटल्यावर माहीनगर ओस पडू लागले आणि बसूंपैकी काही शेजारच्या कोदालिया गावी गेले. कुलीनग्रामचे मालाधर बसू, ज्यांनी पंधराव्या शतकात ‘श्रीकृष्णविजय’ हे काव्य रचले, तेही ‘गुणराज खान’ म्हणविले जात. किताब बदलले, बसू टिकले.

आडनावाचा प्रसार दोन क्षेत्रांत होता. एक दक्षिण राढ : हुगळी, हावडा, चोवीस परगणा आणि कोलकाता. दुसरे पूर्व बंगाल : विशेषतः विक्रमपूर, जेथील राढीखालचे जगदीशचंद्र बोस होते. १९४७ च्या फाळणीने या दुसऱ्या क्षेत्राची पांगापांग झाली. दक्षिण कोलकात्याच्या निर्वासित वसाहती, त्रिपुरा, कछार, दिल्लीचे चित्तरंजन पार्क अशा ठिकाणी पूर्वेकडील बसू पश्चिमेकडील बसूंचे शेजारी झाले. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला गेले. तोक्योतील ज्या नाकामुराया पेढीच्या कुटुंबाने त्यांना आसरा दिला त्यांचे ते जावई झाले, आणि तेथे १९२७ पासून मिळू लागलेली ‘भारतीय करी’ ही त्यांचीच देणगी. अमेरिकेत आश्रयाला गेलेल्या एका बंगाली क्रांतिकारकाचे पुत्र अमर बोस यांनी १९६४ मध्ये काढलेल्या ध्वनिवर्धकांच्या कंपनीवर हेच आडनाव आहे. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या संशोधनाचा गौरव म्हणून डिरॅक यांनी कणांच्या एका संपूर्ण वर्गाला ‘बोसॉन’ हे नाव दिले. जर्मनीतील लाइप्झिग येथे सेंट थॉमस चर्चसमोर ‘बोसेहाउस’ आहे. बाखच्या शेजारी राहणाऱ्या बोसे नावाच्या व्यापाऱ्याचे ते घर. त्याचा वसूंशी काडीचाही संबंध नाही.

दक्षिण भारतात मात्र एक निराळाच प्रकार घडला. नेताजींवरील भक्तीने तमिळ आणि तेलुगू घरांतून मुलांची नावे ‘सुभाषचंद्रबोस’, ‘चंद्रबोस’ किंवा नुसते ‘बोस’ अशी ठेवली गेली. ‘नाटू नाटू’ या गीतासाठी २०२३ मध्ये ऑस्कर मिळविणारे तेलुगू गीतकार चंद्रबोस हे त्यांपैकीच एक. त्यांचे घराण्याचे नाव कनुकुंतला असे आहे. चौदा-पंधरा शतकांपूर्वी नावाच्या शेपटापासून सुटलेला ‘वसु’ येथे पुन्हा नावालाच जाऊन चिकटला आहे.