नवा शॅमेलियन आला? आधी डोळे बघा, मग रंग!



माल उतरवताना आपण खोका उघडतो, मोजतो, मगच चलनावर सही करतो. बरोबर? पण जिवंत प्राणी आला की नुसता रंग बघून खूश होतो. मीही झालो होतो. दुकानात पहिला व्हेल्ड शॅमेलियन आला, एकदम हिरवागार. तिसऱ्या दिवशी विकला. अकराव्या दिवशी एक दहावीतला मुलगा वडिलांबरोबर रिकामा पिंजरा घेऊन दारात उभा. पैसे परत केले, पण त्या पोराचा चेहरा अजून आठवतो. चूक माझीच. भर दुपारी तो प्राणी डोळे मिटून बसायचा आणि मी म्हणायचो, "झोपलाय."

शॅमेलियन आजार लपवतो. जंगलात अशक्त दिसला की शिकार झालाच समजा. म्हणून आपणच शोधायचं:

१. डोळे: फुगीर, सतत फिरणारे हवेत. दिवसा मिटलेले किंवा खोल गेलेले असतील तर धोका.

२. विष्ठा: सोबतचा घट्ट भाग पांढरा हवा. गडद पिवळा-नारिंगी म्हणजे पाणी कमी पडतंय. हा प्राणी सहसा वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. पानांवर फवारणी करा.

३. पाय आणि पकड: फांदी घट्ट धरतो का? पाय वाकडे, जबडा मऊ असेल तर कॅल्शियम आणि यूव्हीबी दिव्याची कमतरता असू शकते.

४. तोंड: गरम नसतानाही तोंड उघडं, चिकट लाळ, श्वासाला आवाज, तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा.

५. वजन: ग्रॅमचा काटा घ्या, आठवड्याला वहीत लिहा. डोळ्याला न दिसणारी घट काटा दाखवतो.

आणि रंग? प्रवासाने एक-दोन दिवस काळवंडला तर लगेच घाबरू नका. शांत ठेवा, हाताळू नका. मादी असेल तर लक्षात ठेवा, नराशिवायही ती अंडी घालते. तिला खणायला ओलसर माती द्या, नाहीतर अंडी अडकून जीव जाऊ शकतो.

आता माझा नियम: नवा प्राणी ३० दिवस वेगळ्या पिंजऱ्यात, विष्ठेची जंतांसाठी तपासणी, तोवर विक्री बंद. महिनाभर पैसा अडकतो, खरंय. पण एक मेलेला प्राणी दहा गिऱ्हाइकं घेऊन जातो.

शेवटचं आणि महत्त्वाचं. आपल्या रानातला घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलियन, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडायचं नाही, पाळायचं नाही, विकायचं नाही. व्हेल्ड येमेन-सौदीकडचा, पण त्याचीही परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसेल तर प्राणी घेऊच नका.

आज एकच काम करा: ग्रॅमचा काटा आणि एक वही आणा. पहिलं वजन आजच लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!