दीर्घ मुदतीचे जलविद्युत-करार : ‘रिव्ह्यू’ या एका शब्दाचे तीन अर्थ

अकोले तालुक्यात शेंडी गावानजीक प्रवरा नदीवर बांधलेले भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. सुमारे ८२ मीटर उंचीचे आणि सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठविणारे हे धरण मुळात सिंचनासाठी उभारलेले होय. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या प्रवरेच्या दोन कालव्यांनी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागाची शेती घडविली. वीजनिर्मिती तेथे पुष्कळ उशिरा आली. आज या प्रकल्पाचे एक १२ मेगावॅटचे व दुसरे ३४ मेगावॅटचे अशी दोन वीजकेंद्रे आहेत. कालव्यांच्या आवर्तनासाठी सुटणारे पाणी वाटेत जनित्रे फिरवून पुढे जाते. वीज ही येथे पाण्याच्या प्रवासातील एक टप्पा आहे, त्या प्रवासाचे प्रयोजन नव्हे.

ही साधी वस्तुस्थिती ध्यानात घेतली म्हणजे जलविद्युत-कराराचे वेगळेपण कळून येते. कोळशावर चालणाऱ्या केंद्राशी केलेला करार मुख्यतः इंधन, भांडवल व दर यांच्याशी निगडित असतो. जलविद्युत-करारात मात्र नदी ही न बोलणारा तिसरा पक्ष असते. महाराष्ट्र शासनाने लहान जलविद्युत प्रकल्पांसाठी २००५ साली जे धोरण आखले, त्यात खाजगी उद्योजकाने प्रकल्प उभारावा, तीस वर्षे चालवावा व नंतर शासनाच्या स्वाधीन करावा, अशी पद्धती स्वीकारण्यात आली. तीस वर्षे म्हणजे एका पिढीचा काळ. सही करणारे निवृत्त होतात, पीकपद्धती पालटते, खालच्या खोऱ्याची मागणी वाढते. कराराचा मसुदा मात्र तोच राहतो. म्हणूनच अशा कराराची स्वतंत्र व सार्वजनिक तपासणी व्हावी, ही मागणी वेळोवेळी पुढे येते.

परंतु या मागणीत एक भाषिक घोटाळा दडलेला आहे आणि त्याचे परिणाम केवळ भाषिक नाहीत. इंग्रजीतील ‘रिव्ह्यू’ हा एकच शब्द तीन भिन्न क्रियांसाठी वापरला जातो. मराठीला या तिन्हींसाठी वेगळे शब्द उपलब्ध आहेत : पुनर्विलोकन, तपासणी आणि फेरवाटाघाट. वृत्तपत्रांतून व सभांतून हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास योजिले जातात. त्यामुळे मागणी एका गोष्टीची होते आणि पदरात दुसरीच पडते.

यांपैकी पुनर्विलोकन ही संज्ञा कायद्याची आहे. वीज अधिनियम, २००३ याच्या कलम ९४ अन्वये वीज नियामक आयोगाला स्वतःच्या आदेशाचे पुनर्विलोकन करता येते. पण दिवाणी न्यायालयाप्रमाणेच त्याची कक्षा अरुंद आहे. अभिलेखावरून उघड दिसणारी चूक, पूर्वी सादर करणे शक्य नसलेला नवा पुरावा किंवा तत्सम पुरेसे कारण असल्याखेरीज आयोग आपला निर्णय पुन्हा उघडीत नाही. करार शहाणपणाचा होता किंवा नाही, हा प्रश्न पुनर्विलोकनात येतच नाही. ज्याला तो प्रश्न विचारावयाचा आहे त्याने पुनर्विलोकनाचा अर्ज केला, तर तो फेटाळला जाणार हे जवळजवळ ठरलेलेच असते.

तपासणी ही वस्तुतः चौकशी होय. करार कसा झाला, दर कशाच्या आधारे ठरला, जोखीम कोणावर पडली, हे तिला पाहावयाचे असते. तिचा निष्कर्ष कोणालाही बांधून घेत नाही. तिचे बळ तिच्या स्वातंत्र्यात व प्रसिद्धीत असते. फेरवाटाघाट ही याहून निराळी. तीत दोन्ही पक्षांची संमती लागते आणि तिची परिणती नव्या करारात होते.

या तिहींमधील भेद दाभोळच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. तो प्रकल्प जलविद्युतेचा नव्हता, तरी महाराष्ट्रातील दीर्घ मुदतीच्या वीज खरेदी करारांचा विचार त्याला वगळून करता येत नाही. वीस वर्षांच्या मुदतीचा तो करार स्पर्धात्मक निविदा न मागविता डिसेंबर १९९३ मध्ये झाला. १९९५ साली सत्तांतर झाल्यावर उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांच्या उपसमितीने त्याची तपासणी केली आणि ऑगस्टमध्ये तो रद्द झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर फेरवाटाघाट होऊन १९९६ मध्ये विस्तारित स्वरूपाचा नवा करार अस्तित्वात आला. त्यासाठी जनसुनावणी झाली नाही. पुढे वीज मंडळाला देणी पेलेनाशी झाली, तेव्हा २००१ साली माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. म्हणजे दोन तपासण्या झाल्या व त्यांच्यामध्ये एक फेरवाटाघाट झाली. पहिली तपासणी सत्ताधाऱ्यांचीच असल्याने तिचे निष्कर्ष वाटाघाटीच्या दालनात विरघळले. दुसरी अधिक स्वतंत्र होती, पण ती नुकसान झाल्यावर आली.

दरम्यान १९९९ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला होता. २००३ च्या अधिनियमाने वीज खरेदीच्या करारांचे नियमन त्याच्याकडे सोपविले आणि दरनिश्चितीपूर्वी जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेणे कलम ६४ अन्वये बंधनकारक केले. ग्राहकांचे हित मांडण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याची सोयही त्यात आहे. मात्र दर निविदेतून ठरला असेल, तर कलम ६३ प्रमाणे आयोगाने तो स्वीकारावयाचा असतो. तेथे तपासणीचा रोख दरापेक्षा प्रक्रियेवर राहतो.

सही झालेल्या करारातील दर पुढे बदलता येतो काय, याविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचावयास हवेत. गुजरातमधील लहान जलविद्युत प्रकल्पाच्या प्रकरणात २०१६ साली न्यायालयाने आयोगाला दर पुन्हा ठरविण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले. २०१७ मध्ये एका सौर प्रकल्पाबाबत मात्र, आयोगाला आपल्या अंगभूत अधिकारांच्या आधारे कराराच्या अटी बदलून मुदत वाढविता येणार नाही, असे सांगितले. दार आहे, पण ते केव्हाही व कोणालाही उघडता येईल असे नाही, हा दोहोंचा एकत्रित अर्थ होय.

विदेशातील एक उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. कॅनडातील चर्चिल फॉल्सच्या ५,४२८ मेगावॅट केंद्रातील विजेचा करार १९६९ साली झाला. नूतनीकरणासह त्याची मुदत २०४१ पर्यंत जाते आणि २०१६ पासूनचा दर प्रतियुनिट एका सेंटचा केवळ पाचवा हिस्सा आहे. परिस्थिती आमूलाग्र पालटली तरी लाभार्थी पक्षावर फेरवाटाघाटीचे बंधन येत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या कराराचा सामंजस्य मसुदा झाला, आणि २०२५ च्या निवडणुकीनंतर न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडॉर प्रांताच्या नव्या सरकारने त्या मसुद्याच्या स्वतंत्र तपासणीचा मार्ग धरला. अंतिम सहीपूर्वीच तपासणी, हा त्यातील धडा.

प्रवरेच्या खोऱ्यात तर दराच्या पलीकडेही पाहावे लागते. २०१४ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने दिलेल्या आदेशानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास नाशिक व नगरच्या धरणांतून पाणी खाली सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो. भंडारदरा-निळवंडे समूह त्यात येतो. असे पाणी केव्हा व किती सुटेल, हे वीजकेंद्राच्या हातात नसते. तेव्हा पाणी न सुटल्याने बुडालेल्या विजेची तोशीस उद्योजकाने सोसावयाची, शासनाने की ग्राहकाने, हे करारातील कलम वाचल्यावाचून कळणार नाही. याच तालुक्यातील घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प दुसरी बाजू दाखवितो. पाणी वर चढविण्यास तेथे जितकी वीज लागते, तितकी परत मिळत नाही. त्याचे मोल अधिक मागणीच्या वेळी वीज हाती असण्यात आहे. केवळ प्रतियुनिट दरावरून केलेली तपासणी दोन्ही ठिकाणी फसवी ठरेल.

शिवाय जलसंपदा विभागाशी झालेला करार आणि वीज खरेदी करार ही भिन्न कागदपत्रे असतात. आयोगाची नजर मुख्यतः दुसऱ्यावर असते. शेतकऱ्याचे हित मात्र पहिल्यात गुंतलेले असते.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. सुनावणीची सूचना मराठी वृत्तपत्रांत छापली जाते. मूळ करार, याचिका व आदेश बहुधा इंग्रजीत असतात. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. तथापि अकोल्याच्या किंवा संगमनेरच्या शेतकऱ्याला त्याच्या नदीविषयीचे कलम त्याच्या भाषेत वाचता येत नसेल, तर सुनावणी खुली असूनही सार्वजनिक होत नाही. कराराचे मराठी पाठ सिद्ध करणे आणि त्यांत पुनर्विलोकन, तपासणी व फेरवाटाघाट या संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या राखणे, हे भाषाभ्यासकांच्या आवाक्यातील काम आहे. कोणती मागणी कोणापुढे करावयाची, हे त्यावाचून नागरिकाला ठरविता येणार नाही.